साहेबांना वाईट बातमी कशी सांगायची?

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'वरिष्ठांशी प्रभावी संवाद' असा छापला आहे. नाव जरा जड झालंय. चामोर्शीतल्या कोणत्याही कचेरीत 'प्रभावी संवाद' असं म्हटलं तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. 'साहेबांशी कसं बोलायचं' म्हटलं की लगेच कळतं. आणि खरं सांगायचं तर साहेबांशी चांगली बातमी कशी बोलायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं की फोटोसकट संदेश पाच मिनिटांत ग्रुपवर पडतो. अडतं ते वाईट बातमीपाशी. काम झालं नाही, पैसे पुरणार नाहीत, दिलेला आदेश चुकीचा आहे, मूल दगावलं, हे वर कसं न्यायचं? म्हणून आम्ही आज मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहोत.

हा विषय गोडीगुलाबीचा नाही, हे समजायला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पुरेसं आहे. २००१ साली 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने राज्यातल्या तेरा संस्थांनी गावोगाव आणि काही वस्त्यांमध्ये जन्म आणि बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले. घरोघरी जाऊन मोजलेले मृत्यू आणि सरकारी नोंदीतले मृत्यू यांत फार मोठी तफावत निघाली. कागदावर मुलं मरत नव्हती, गावात मरत होती. त्यावर बराच वाद झाला आणि पुढे शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

आता ही तफावत पडते कशी? मुंबईत बसून कुणी आकडे खोडले असं समजायचं कारण नाही. त्याची कारणं अनेक आहेत. घरी झालेली बाळंतपणं, दूरचे पाडे, नोंदीचं वह्या-रजिस्टरांचं ओझं, सगळं खरं. पण आमच्या विषयाशी जोडलेलं एक कारण प्रत्येक पायरीवर असतं. खालच्या माणसाला वाटतं, मृत्यू लिहिला की विचारणा येईल. 'तुझ्याच गावात कसे मरतात?' मग जन्मून चार तासांनी गेलेलं बाळ 'मृतजन्म' म्हणून लिहिलं जातं. त्याच्या वरच्याला वाटतं, आढावा बैठकीत आपलीच फजिती होईल, मग तो 'एकदा तपासून घ्या' म्हणतो. 'तपासून घ्या' याचा अर्थ खालच्याला बरोबर कळतो. कुणीही उघड खोटं बोललेलं नसतं. पायरी-पायरीने बातमी फक्त थोडी मऊ होत जाते, आणि सर्वांत वर पोहोचते तेव्हा ती बातमीच उरत नाही. ज्याच्या हातात औषध, माणसं आणि पैसा आहे त्याला अडचण कळलेलीच नसते. मग तो देणार काय?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. विमानाच्या धंद्यात याचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान उतरायच्या तयारीत होतं. चाकं नीट बाहेर आली की नाही याची कॅप्टनला शंका आली. तो हवेतच घिरट्या घालत तपास करत राहिला, जवळजवळ तासभर. इंधन संपत चाललं होतं आणि ते शेजारी बसलेल्या लोकांना दिसत होतं. त्यांनी इंधनाचा विषय काढलाही, आकडे सांगितलेही. पण 'आत्ताच्या आत्ता उतरलो नाही तर आपण पडणार' असं ठणकावून कुणी म्हटलं नाही. एकेक करून इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडेच कोसळलं. १८९ जणांपैकी १० जण गेले. चौकशीत कॅप्टनचा दोष निघालाच, पण हाताखालच्या माणसांची काळजी कॅप्टनपर्यंत पोहोचली नाही हेही नोंदवलं गेलं. त्यानंतर १९८१ पासून त्या कंपनीने वैमानिकांना उडवण्याबरोबर बोलायचंही प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि पुढे ते जगभर पसरलं. कॅप्टनला ऐकायला आणि ज्युनिअरला बोलायला शिकवायचं, दोन्ही बाजूंनी.

त्या प्रशिक्षणातलं एक साधं सूत्र आम्हाला फार आवडतं. आधी समोरच्याला नाव किंवा पद घेऊन हाक मारायची, म्हणजे त्याचं लक्ष आपल्याकडे येईल. मग मला काळजी वाटते आहे हे सांगायचं. मग नेमकी अडचण. मग माझ्या मते काय करावं. आणि शेवटी 'चालेल ना?' असं विचारून त्याच्या तोंडून उत्तर काढायचं. हे शेवटचं आपण नेहमी विसरतो. आपण सांगून मोकळे होतो, साहेब 'हं' म्हणतात, आणि आपण समजतो की झालं. 'हं' म्हणजे होकार नव्हे. मोबाईलवरचा अंगठा तर त्याहून नव्हे.

आता आपल्या भाषेकडे बघा. झाडीपट्टीतला माणूस बोलण्यात मुळातच नम्र. प्रत्येक वाक्याला 'जी' लावणार. 'करतो जी', 'पाहतो जी', 'होऊन जाते जी'. यात फार गोडवा आहे, तो सोडू नका. पण यातला 'पाहतो जी' हा शब्द आमच्या मते कचेरीतला सर्वांत धोक्याचा शब्द आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असतो, 'हे होणं कठीण आहे, पण तुम्हाला तोंडावर नाही कसं म्हणू?' ऐकणारा साहेब कुठला असतो? बऱ्याचदा पुणे, सातारा, बीड, नाशिककडचा. त्याच्या कानाला तो शब्द 'करतो' असाच ऐकू येतो. तो वरच्याला सांगून टाकतो की शुक्रवारपर्यंत होईल. शुक्रवारी काम नसतं. साहेबाला वाटतं, हा माणूस खोटं बोलला. माणसाला वाटतं, मी तर आधीच सुचवलं होतं. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि नातं बिघडलं. आमच्याच जिल्ह्यात कित्येकांच्या घरची भाषा गोंडी, माडिया, तेलुगू नाहीतर बंगाली आहे. कचेरीची मराठी ही त्यांची दुसरी-तिसरी भाषा. त्यांच्यासाठी तर हा घोटाळा दुप्पट.

म्हणून पहिलं काम हे की, 'जी' ठेवायचं पण 'पाहतो' काढायचं. 'साहेब, शुक्रवारपर्यंत नाही होत जी. मंगळवारपर्यंत होते. शुक्रवारीच पाहिजे असेल तर अजून एक माणूस द्यावा लागेल.' यात नम्रता कुठे कमी झाली? पण साहेबाला तीन गोष्टी कळल्या. होणार नाही, कधी होईल, आणि लवकर हवं असेल तर त्याने काय करायचं.

आता एक प्रसंग धरू. समजा पावसाळ्याचे दिवस आहेत. गोसीखुर्दचे दरवाजे उघडलेत, वैनगंगेचं पाणी नाल्यांत मागे चढतंय, गावाचा रस्ता केव्हाही बंद होऊ शकतो. आशाताई तिसऱ्या दिवशीच्या भेटीला घरी गेली आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावते. सहसा तो फोन असा होतो:

'नमस्कार सर, मी अमुक गावची आशा बोलते जी. सर, बिझी आहात का? नाही, ते आपल्या गावात परवा डिलिव्हरी झाली ना सर, पहिलटकरीण होती, तिची सासू काही ऐकत नाही सर, मी दोनदा गेली होती, आज पण गेली, तर बाळ थोडं बरोबर वाटत नाही सर...'

डॉक्टरांसमोर ओपीडीत चाळीस माणसं आहेत. 'थोडं बरोबर वाटत नाही' इथपर्यंत येताना अर्धा मिनिट गेला, आणि 'थोडं' या शब्दाने सगळी हवा काढून घेतली. ते म्हणतात, 'उद्या घेऊन या.' उद्या रस्ता असेल का?

तोच फोन असा करता येतो: 'सर, तातडीचं आहे. तीन दिवसांचं बाळ, वजन १ किलो ८००, श्वास मिनिटाला ६८, दोनदा मोजला. दूध ओढत नाही. नाल्याला पाणी चढतंय, संध्याकाळनंतर गाडी येणार नाही. मला आत्ता गाडी पाहिजे. १०८ ला लावू की आपली गाडी पाठवता, सर?' वीस सेकंद. सासूबाईंची गोष्ट नंतर सांगता येईल. डॉक्टरला माहीत आहे की नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला म्हणजे धोका. 'थोडं बरोबर नाही' हे मत झालं, ६८ ही मोजणी झाली. मतावर साहेब वाद घालू शकतो, मोजणीवर कृती करावी लागते. शिवाय प्रश्न शेवटी असा ठेवला की उत्तर दोनांपैकी एकच येईल. दोन्ही उत्तरांत गाडी आहेच.

आम्ही हे प्रशिक्षणांत करून घेतो तेव्हा बायका हसतात. म्हणतात, 'असं एकदम बोललं तर सरांना उद्धट वाटेल जी.' वाटत नाही. आम्ही डॉक्टरांनाही विचारलं आहे. त्यांना उलट सुटल्यासारखं होतं.

आता दुसरी गोष्ट, तोंडी आदेश. मराठीत आपण 'ध चा मा करणे' म्हणतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सांगतात की राघोबांच्या पत्रात 'धरावे' होतं, त्याचं 'मारावे' केलं गेलं. लेखी आदेशात एक अक्षर बदललं तर हे होतं. तोंडी आदेशात तर अक्षरच नसतं, नंतर कोण काय म्हणालं याला साक्षच नाही.

मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा तुम्हाला माहीतच आहे. पंचायत समिती, महसूल, पोलीस, आरोग्य, एसटी, सगळे कामाला लागतात. अशा गर्दीत समजा एखाद्या ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण तोंडात अजून जुनंच आहे) वरून फोन येतो, 'अरे, तो पोचरस्ता फार खराब आहे, दहा ट्रिपा मुरूम टाकून टाक, बघू नंतर.' तो टाकतो. जत्रा छान होते. दीड वर्षाने लेखापरीक्षण येतं. अंदाजपत्रक कुठे, मंजुरी कुठे, आदेश कुठे? साहेबांची तोवर बदली झालेली. आक्षेप निघतो आणि वसुली ग्रामसेवकाच्या पगारातून लागते.

साहेब वाईट होते का? बहुतेक नाही. त्यांनी खरंच रस्त्यासाठी सांगितलं होतं. पण नियम याबाबत स्पष्ट आहे. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे आहेत. १९७९ च्या नियमांत असं आहे की वरिष्ठांच्या निर्देशावरून काही करायचं असेल तर तो निर्देश शक्य तेथे लेखी घ्यावा, आणि ते जमत नसेल तर त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा घ्यावा. म्हणजे लेखी मागणं हा उर्मटपणा नाही, ते तुमचं कर्तव्यच आहे.

पण 'साहेब, लेखी द्या' असं तोंडावर म्हटलं की साहेबाचा चेहरा बदलतो, हे आम्हालाही माहीत आहे. त्याला वाटतं याचा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून मागायचं नाही, आपणच लिहायचं. फोन ठेवला की पाच मिनिटांत संदेश: 'महोदय, आज दुपारी ३.१० वाजता दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार अमुक पोचरस्त्यावर मुरूम टाकण्याचे काम हाती घेत आहे. अंदाजे खर्च इतका. मंजुरीचा प्रस्ताव उद्या सादर करीत आहे. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे.' झालं. यात तक्रार नाही, संशय नाही. साहेबाला बदल करायचा असेल तर जागा ठेवली आहे. आणि खरंच दुसऱ्या दिवशी प्रस्ताव टाकायचा, आवक नोंदवहीत नंबर घ्यायचा, पोच आपल्या फाईलला लावायची. मोठे बाबू कुरकुरले तरी नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. हा संदेश साहेबांना स्वतंत्र पाठवावा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकला की तो दुजोरा राहत नाही, ती जाहिरात होते.

ग्रुपचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो की साहेब ग्रुपवर रागावले तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. दोनशे माणसांसमोर कोणताही साहेब माघार घेत नाही.

टिपणीबद्दल थोडं. पुष्कळांची टिपणी वाचली की असं वाटतं, लिहिणाऱ्याला साहेबाने ती वाचूच नये असं वाटतंय. 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' यातच पहिल्या तीन ओळी जातात. तुमचा साहेब दिवसाला किती फायली बघतो याचा विचार करा. पहिल्या ओळीत प्रश्न, मग वस्तुस्थिती, मग त्यावर कोणता नियम लागतो, मग तुमचा अभिप्राय, आणि मग 'आदेशार्थ सादर'. अभिप्राय गाळू नका. 'योग्य त्या आदेशार्थ सादर' एवढंच लिहून फाईल ढकलणं म्हणजे आपलं ओझं साहेबाच्या डोक्यावर ठेवणं. फाईल अडली असेल तर २००५ चा कायदा लक्षात ठेवा, तोच बदल्यांचा आणि विलंबाच्या प्रतिबंधाचा. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात म्हटलं आहे. पण हा कायदा साहेबाच्या तोंडावर फेकायचा नाही. आठव्या दिवशी नम्रपणे विचारायचं, 'साहेब, त्या फाईलीत माझ्याकडून काही कमी राहिलं का जी?' कायदा तुम्हाला माहीत आहे हे त्यांना आपोआप कळतं.

त्याच कायद्यात पदावधी साधारण तीन वर्षांचा आहे, आणि आपल्याकडे साहेब तेवढेही टिकत नाहीत, हा अनुभव तुमचाच आहे. इथे येणाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणी मिळते तरी बॅग बांधलेलीच असते. त्याबद्दल कुरकुर करण्यात फायदा नाही. फायदा यात आहे की नवा साहेब आला की पहिल्याच आठवड्यात एक पान त्याच्या हातात द्यायचं. माझ्याकडे कोणतं काम आहे, कुठे अडलंय, येत्या तीन महिन्यांत काय कोसळू शकतं. पावसाळ्यात कोणती गावं तुटतात, मोह वेचणीच्या दिवसांत पालापाचोळा जाळल्याने कोणत्या बीटात वणवा लागतो, कोणत्या पाण्याच्या योजनेची मोटर दर उन्हाळ्यात जळते. तुम्ही इथे वीस वर्षं आहात, त्याला पाट्यासुद्धा वाचायच्या आहेत. हे पान देणाऱ्या माणसाला साहेब पुढे आपणहून विचारतो. आणि त्याच्या अडचणीही विचारा. साहेबालाही साहेब असतो. सोमवारच्या व्हीसीत त्याला कोणता आकडा विचारला जाणार, हे कळलं तर रविवारी रात्री अकराचे फोन निम्मे होतात.

मतभेदाचं काय? साहेबाचा निर्णय चुकतोय असं वाटलं तर आधी एकट्यात सांगा, कारणासकट, एकदा. ऐकलं नाही तर टिपणीत आपलं मत लिहा. त्यानंतर आदेश कायद्यात बसत असेल तर मनापासून पाळा, आणि कँटीनमध्ये 'मी आधीच म्हटलं होतं' करत फिरू नका. कायद्यात बसत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतात, राघोबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे म्हणून. सगळ्यांना रामशास्त्री होता येत नाही, लेकरंबाळं असतात. पण खोट्या आकड्यावर सही नाकारणं एवढं तरी बहुतेकांना जमतं, आणि 'साहेब, मी हे मोजलेलं नाही, म्हणून सही करू शकत नाही जी' या वाक्यावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आता इथे समोर कंपनीत जाणारी पोरंही बसली आहेत. कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिल्यापासून तालुक्यातल्या किती घरांत शिफ्ट हा शब्द आला आहे. तुमचा साहेब म्हणजे सुपरवायझर, तो ठेकेदाराचा असेल, कंपनीचा असेल, मराठी बोलेल किंवा हिंदी. तुमच्याकडे टिपणी नाही, आवक-जावक नाही. पण एक गोष्ट आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला तत्काळ धोका आहे अशी रास्त भीती वाटली तर ती वरिष्ठांच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला तेव्हा लिहून दिला गेला. भट्टीजवळ काही चुकीचं दिसलं तर 'शिफ्ट संपल्यावर सांगू' नको. विमानाचं सूत्र आठवा. 'सर, थांबवा. पट्ट्याचं गार्ड निघालंय. बंद करून बसवू. करू ना बंद?' हिंदीत म्हणा, तेलुगूत म्हणा, पण याच क्रमाने.

आणि एक गोष्ट बहिणींसाठी, थोडक्यात पण ठामपणे. साहेबच त्रास देत असेल, अंगचटीला येत असेल, तर तिथे बोलण्याचं कौशल्य वापरायचं नाही. तो संवादाचा प्रश्न नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. जिथे ती नाही किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. तारखा, वेळा, संदेश जपून ठेवायचे.

मघाशी चिठ्ठीवर एका गुरुजींचा प्रश्न आला आहे. ते विचारतात, 'मी सगळं नीट सांगतो, लिहितोही, पण साहेब वाचतच नाहीत. मग काय करावं?' गुरुजी, त्यांना कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने कळतं ते आधी शोधा. काही साहेब कागद वाचत नाहीत पण सकाळी दहाच्या आधी पाच मिनिटं उभ्याने ऐकतात. काहींना फोन आवडत नाही, संदेश वाचतात. काही फक्त तक्ता बघतात. त्यांच्या शिपायाला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि तरीही नाहीच वाचलं, तर तुमच्याकडे आवक क्रमांक आहे, तारीख आहे. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन पहिलं स्मरणपत्र, आणखी पंधरा दिवसांनी दुसरं, आणि तिसऱ्याची प्रत 'माहितीस्तव' म्हणून त्यांच्या वरच्या कचेरीला. प्रत पाठवण्याआधी मात्र साहेबांना एकदा भेटून सांगून ठेवा.